झोप कोणाची, औषध कोणाला

आमच्या घराच्या भिंती छपरापर्यंत जात नाहीत. वेंगुर्ल्याकडची जुनी कौलारू घरं ज्यांनी पाहिली असतील त्यांना हे सांगायला नको. भिंत दीड पुरुष उंच गेली की थांबते, वर वासे, आणि सगळ्या खोल्यांना मिळून एकच छप्पर. वारा खेळावा, चुलीचा धूर कोंडू नये, ही बांधणाऱ्याची दृष्टी. घराण्यात घोरणारे निपजतील हे त्याला माहीत नव्हतं, असंही म्हणता येत नाही. घर बांधणारे माझे आजेसासरे स्वतःच घोरायचे, असं सासूबाई अभिमानाने सांगतात. तेव्हा आमच्याकडे खोल्या आहेत त्या दिसण्यापुरत्या. ऐकण्यापुरतं सगळं घर एकच.

म्हणून आमचे हे घोरतात याला साक्षीदार भरपूर आहेत. तरी खटला कधी उभा राहिला नाही, कारण आरोपीची जबानी ग्राह्य धरली जाते. "मी? मी खय घोरतंय? माका तर कधी ऐकाक येवक नाय." जो माणूस त्या वेळी गाढ झोपलेला होता, त्याच्या शब्दावर सगळं घर विश्वास ठेवतं.

दिवा मालवला की पाच मिनिटं काही नसतं. ही पाच मिनिटं फार फसवी. मग बंदरावर यांत्रिक होडीचं इंजिन सुरू करताना होतं तसं होतं: एक ओढ, एक फुरफुर, बंद. परत ओढ, परत बंद. आणि एकदा पकडलं की होडी पहाटेपर्यंत किनाऱ्याला लागत नाही. सरकारने १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी घातलेली आहे, पण आमच्याकडची होडी भर पावसातही हाकलेली असते.

ओटीला लागून दोन खोल्या आम्ही पर्यटकांना देतो. मागे पुण्याचं एक जोडपं उतरलं होतं. सकाळी घावणे खाता खाता ते गृहस्थ म्हणाले, "काय सुंदर गाज येत होती हो रात्रभर! मुद्दाम जागा राहून ऐकली." समुद्र आमच्यापासून तीन किलोमीटर, मध्ये एक अख्खा डोंगर. मी गुपचूप त्यांच्या ताटात आणखी एक घावणं वाढलं. बाई मात्र चौकस होत्या. त्या म्हणाल्या, "लाटा जरा अनियमित वाटल्या, नाही?" ह्यांनी मान डोलावली आणि भरती-ओहोटीची वेळ रोज पन्नासेक मिनिटांनी कशी पुढे सरकते ते त्यांना नीट समजावून सांगितलं.

माझी खरी तक्रार आवाजाची नाहीच. तक्रार अशी, की घोरतात हे आणि उपचार माझ्यावर होतात. मी डोळे सुजवून चहा टाकते तेव्हा घरातला, वाडीतला आणि फोनवरचा प्रत्येक माणूस मला काहीतरी सुचवतो. दुधातून जायफळ घे. कानात कापूस घाल. जेवल्यावर शतपावली घाल. झोपताना रामरक्षा म्हण. शेजारच्या काकूंनी तर रामबाण तोडगा दिला: "तू तेच्या आधी झोपत जा गो." मी नऊला आडवी होऊ लागले. हे दहाला येऊन, शेजारी पाठीवर पडून, मला साडेदहाला उठवू लागले. जायफळाने मला सकाळी गुंगी येई, रात्री नाही. सासूबाईंचं म्हणणं त्याहून सरळ होतं. "झिलान दिवसभर बागेत राबूचा, आणि राती जरा मोठ्यान श्वास घेतल्यान तर तुका खुपता? ह्या घरात आजवर चोर येवक नाय, तो कित्याक?" याला उत्तर नव्हतं. चोर खरंच आलेला नाही.

जागा बदलून पाहिली. माळ्यावर गेले, तर आवाजही माझ्याबरोबर वर आला. शिवाय मे महिना, पेंढ्यात आंब्याची आढी लावलेली, त्या उबेत मीच पिकायची वेळ. ओटीवर झोपाळ्यात झोपले तर डास. आणि तिसऱ्या दिवशी कुडाळहून आईचा फोन. "काय झालं गो? भांडलात?" आमच्याकडे बाई नवऱ्यापासून चार पावलं लांब झोपली की बातमी तालुका ओलांडते. नवऱ्याचं घोरणं वर्षानुवर्षं चालू आहे, ते मात्र कुडाळला कधी ऐकू गेलं नाही.

पाठीवर झोपलं की जास्त घोरतात, म्हणून बनियनला मागे खिसा शिवून त्यात टेनिसचा चेंडू घालावा, असं कुठेतरी वाचलं होतं. घरात चेंडू नव्हता, सुपारी होती. बागेतलीच, सोडण न काढलेली. चार सुपाऱ्या खिशात शिवल्या. हे त्यांच्यावर निवांत पाठ टाकून घोरले. सकाळी पाठीवर चार वळ उठले, सासूबाईंनी ते तेल लावताना पाहिले, आणि पुढचा आठवडा मी माझ्याच घरात मान खाली घालून वावरले.

शेवटी मला सावंतवाडीला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे न्यायचं ठरलं. मलाच, झोप येत नाही म्हणून. हे गाडी चालवायला आले. नंबर यायला वेळ होता, बाहेर पंखा बरा होता, आणि हे खुर्चीत बसल्या बसल्या लागले. आतून डॉक्टर बाहेर आले. "पेशंट कोण?" रिसेप्शनवरच्या मुलीने माझ्याकडे बोट दाखवलं. डॉक्टरांनी ह्यांच्याकडे दाखवलं. त्या क्षणी मी त्यांच्या पाया पडायची तेवढी बाकी होते.

त्यांनी समजावलं ते असं. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, वाट अरुंद होते, आणि तिथून हवा जाताना मऊ टाळू नि पडजीभ थरथरते. तोच आवाज. उताणं झोपलं की जीभ मागे कलंडते, वजन वाढलं की गळ्याभोवतीची चरबी दाबते, आणि रात्री घोटभर घेतली की स्नायू आणखी सैल. इथे ह्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. मग डॉक्टरांनी मला विचारलं, "मध्येच आवाज एकदम बंद होतो का?"

"होतो ना! देवाची कृपा. तेवढ्यातच मी डोळा लावून घेते."

डॉक्टर हसले नाहीत. त्या वेळी श्वासच थांबलेला असतो, म्हणाले. निदान दहा सेकंद थांबला तर ते मोजतात, तासात किती वेळा ते बघतात; पाचाच्या आत असेल तर ठीक, तिसाच्या वर गेलं तर गंभीर. शरीर गुदमरून अर्धवट जागं होतं, एक मोठा फुरका येतो, पुन्हा तेच. म्हणून हा माणूस रात्रभर झोपूनही दुपारी खुर्चीत लागतो, आणि रक्तदाब वाढतो तो वेगळाच. मग ह्यांच्या अंगाला वायरी लावून एक रात्र तपासणी झाली. आकडा मधल्या गटात आला, पंधरा ते तीसमधला. ह्यांना वाटलं पास झालो.

उपाय म्हणजे नाकावर मास्क लावून रात्रभर हवेचा दाब देणारं यंत्र, म्हणजे वाट मिटतच नाही. सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन नावाच्या डॉक्टरांनी १९८१ साली ते जगापुढे मांडलं, आणि पहिल्या यंत्रात व्हॅक्यूम क्लीनरचा पंखा वापरला होता, हे डॉक्टरांनी कौतुकाने सांगितलं. सांगायला नको होतं. "माझ्या नाकात व्हॅक्यूम क्लीनर?" हे घरी येईपर्यंत तेवढंच म्हणत होते. पहिल्या रात्री सासूबाई पाणी प्यायला उठल्या, आमच्या दारातून नाकाला सोंड लागलेला मुलगा त्यांना दिसला, आणि त्यांचे हात आपोआप जोडले गेले.

यंत्र चालतं. खरंच चालतं. वीज असेल तर. आणि मृगाचा पहिला पाऊस पडला की आमच्या वाडीत कुठली ना कुठली फांदी तारेवर पडते. गेली की रात्र गेली. इन्व्हर्टर घ्या म्हटलं, तर ह्यांनी मोबाईल काढला. जयपूरच्या डॉक्टरांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास: असाच त्रास असलेल्यांना सहा महिने, आठवड्यातून पाच दिवस, पंधरा-पंधरा मिनिटं शंख फुंकायला लावला; झोपेत श्वास थांबणं कमी झालं, दिवसाची पेंग कमी झाली. त्याआधी २००६ मध्ये स्वित्झर्लंडवाल्यांनी डिजरीडू नावाच्या लांबलचक ऑस्ट्रेलियन वाद्यावर हेच केलं होतं, आणि त्याला पुढे २०१७ चं इग नोबेल, म्हणजे आधी हसवून मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात ते गमतीचं नोबेल, मिळालं, तेही शांततेचं. शांततेचं! जयपूरच्या अभ्यासात माणसं मोजून तीस होती, तेव्हा यंत्र सोडायचं नाही, शंख वरून हवा तर वाजवा, असं डॉक्टरांनी फोनवर बजावलं. ह्यांनी त्यातलं "वाजवा" तेवढं ऐकलं.

देव्हाऱ्यातला शंख पूजेतला, त्याला हात लावायला सासूबाईंनी मनाई केली. मग मालवणच्या बाजारातून चांगला मोठा आणला. पहाटे साडेपाचला खळ्यात उभे राहून पंधरा मिनिटं. पहिल्या दिवशी नुसता वारा निघाला, दुसऱ्या दिवशी म्हशीने दूध चोरलं, आणि आवाज लागला त्या दिवशी वरच्या वाडीतल्या आजी, देवळात काकडआरती चुकली म्हणून, तांब्या घेऊन धावत आल्या. फायदा एकच. बागेतले वानर पळाले. आठवडाभर एकही शहाळं खाली पडलं नाही. मग त्यांनाही सवय झाली आणि ते कुंपणावर बसून ऐकू लागले. थोडक्यात, पूर्वी मी रात्री जागी असे, आता वीज असेल त्या रात्रीही साडेपाचला उठते. आणि लोक विचारतातच, "डोळे असे का गो? जायफळ घेतंस ना?"

यंदा जत्रेला सासूबाईंनी या प्रकरणाचा कायमचा निकाल लावायचं ठरवलं. देवासमोर नारळ ठेवला आणि मानकऱ्यांना गाऱ्हाणं घालायला सांगितलं. मी पदर सावरून उभी राहिले. म्हटलं, निदान देवाच्या दरबारात तरी आरोपी बरोबर निघेल.

"बा देवा म्हाराजा! ह्या घरची सून, हिका राती झोप लागणा नाय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"हिच्या कानाक कसले कसले आवाज येतत म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"हिच्याकडसून काय चुकला-माकला असात तर पदरात घे, हिची वाट बरी कर, आणि हिच्या घोवाचो गळो असोच खणखणीत ऱ्हवांदे म्हाराजा!"

शंखाच्या सरावाने ह्यांचा दम चांगलाच वाढलाय. शेवटचं "व्हय म्हाराजा" सगळ्यांत मोठ्यांदा ह्यांनीच म्हटलं.