गोळ्या सोडणारेही औषधाच्याच गटात का मोजायचे?

नमस्कार. सविस्तर आणि परखड प्रतिक्रियेबद्दल मनापासून आभार. तुमचा आक्षेप असा, की औषधाच्या चाचणीत ज्यांनी गोळ्या अर्ध्यावर सोडल्या त्यांनाही औषधाच्याच गटात मोजणं हा औषधावर अन्याय आहे. ज्यांनी त्या नेमाने घेतल्या त्यांचंच काय झालं ते बघा, असं तुम्ही म्हणता. मला ते पटत नाही, आणि त्याचं कारण ‘कोरोनरी ड्रग प्रोजेक्ट’ ही अमेरिकेतली जुनी चाचणी.

हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या पुरुषांना त्यात कोलेस्टेरॉल कमी करणारं क्लोफायब्रेट दिलं होतं. आकडे १९८० साली छापून आले. ठरलेल्या गोळ्यांपैकी ८० टक्के किंवा जास्त घेणाऱ्यांपैकी पाच वर्षांत १५ टक्के दगावले. त्याहून कमी घेणाऱ्यांपैकी २४.६ टक्के. तुमच्या रीतीने पाहिलं तर औषध गुणकारी ठरलं! पण आता प्लासिबोचा गट बघा. त्या गोळीत औषध नव्हतंच. तरी तिथेही नेमाने घेणाऱ्यांत मृत्यू १५.१ टक्के, आणि टाळाटाळ करणाऱ्यांत २८ टक्क्यांच्या वर.

औषध नसलेल्या गोळीने एवढे जीव वाचले असं तुम्हीही म्हणणार नाही. फरक माणसांत होता. वेळेवर गोळी घेणारा बहुधा इतर बाबतीतही स्वतःला जपतो, आणि ज्याची तब्येत ढासळत चालली आहे त्याच्याच गोळ्या आधी सुटतात. संशोधकांनी जोखमीचे बरेच घटक हिशेबात धरले, तरी ही तफावत गेली नाही. सगळ्यांना आपापल्या मूळ गटात मोजलं तेव्हा मृत्यू निघाले क्लोफायब्रेटच्या गटात २०.० आणि प्लासिबोच्या गटात २०.९ टक्के. म्हणजे औषधाने जीव वाचतात असं म्हणायला आधार नाही.

रँडमायझेशनने, म्हणजे कोण कुठल्या गटात जाणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवल्याने, दोन गट सारखे होतात ते वाटणीच्या क्षणी. नंतर रुग्णांच्या वागण्यावरून निवड करायला लागलो, की तो सारखेपणा आपणच मोडतो. म्हणूनच ‘इंटेन्शन टू ट्रीट’बद्दल, म्हणजे गोळ्या घेवोत वा सोडोत, प्रत्येकाला मूळ गटातच मोजण्याबद्दल, मी इतका आग्रही आहे.

एका ठिकाणी मात्र तुमचं म्हणणं वजनदार आहे. नवं औषध जुन्यापेक्षा कमी पडत नाही एवढंच दाखवायच्या चाचण्या असतात. तिथे बऱ्याच जणांनी गोळ्या सोडल्या तर दोन्ही गट उगीचच सारखे दिसू लागतात, आणि निकृष्ट औषध खपून जाऊ शकतं. त्यामुळे अशा चाचणीत नेमाने औषध घेणाऱ्यांचा वेगळा हिशेबही बघायलाच हवा. तो आणि मूळ हिशेब जुळले नाहीत तर मी त्या निकालावर विसंबणार नाही.

तुम्ही ज्या शोधनिबंधाचा उल्लेख केलात तो वाचताना आधी त्यातला रुग्णांचा ओघतक्ता (किती जण आले, किती गळाले हे दाखवणारी आकृती) काढा. प्रत्येक गटात किती जण घेतले आणि शेवटच्या कोष्टकात किती मोजले, हे दोन आकडे शेजारी लिहा. मधले गळाले ते का, आणि कुठल्या गटातून जास्त, हे बघून मला पुन्हा लिहा. त्यावर बोलायला मला आवडेल.