थंडीत उलट्या पंख्याने आपली खोली गरम होत नाही

दिवाळी सरली की मोबाइलवर हा संदेश फिरू लागतो: ‘थंडीत पंखा घड्याळाच्या दिशेने फिरवा. छताजवळची गरम हवा खाली येते, खोली उबदार राहते, विजेचं बिल घटतं. साधा पंखा असेल तर बोर्डात त्याच्या दोन वायरींची अदलाबदल करा.’ यातलं शेवटचं वाक्य वाचून कुणी बोर्ड उघडू नये, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

‘छताजवळची गरम हवा खाली येते.’ त्यासाठी ती आधी तिथे असावी लागते. हा सल्ला मुळात अमेरिका-कॅनडासारख्या थंड देशांतल्या घरांसाठी आहे. तिथे हिवाळाभर हीटिंग चालू असतं, तापलेली हवा हलकी होऊन छताशी साठते. उलटा, अगदी हळू फिरणारा पंखा मधली हवा वर ओढतो आणि ती गरम हवा भिंतींच्या कडेने खाली उतरते. अंगावर वारा न येता ऊब मिळते. तिकडे राहणाऱ्या आपल्या लोकांनी हे जरूर करावं. पण नाशिक-पुण्याच्या घरांत हीटिंग असतं कुठे? वरच्या मजल्यावर तर रात्रभर उघड्या आभाळाखाली निवलेला स्लॅबच पहाटे गारठलेला असतो. त्या स्लॅबला लागून आलेली हवा खाली आणून ऊब कशी मिळेल?

‘घड्याळाच्या दिशेने.’ नुसत्या दिशेवरून काही ठरत नाही, पात्याचा कल बघावा लागतो. फिरताना पात्याची जी कड पुढे असते ती उचललेली असेल तर हवा खाली ढकलली जाते, झुकलेली असेल तर वर जाते. पंख्याखाली उभं राहिलं की कळतंच.

‘बिल घटतं.’ हीटरच नाही, तर वाचणार काय? उलट साधा पंखा 75 वॅटचा धरला तर रात्रीच्या 8 तासांत 0.6 युनिट जळतं. उन्हाळ्यातही पंखा खोली थंड करत नाही, तो आपला घाम वाळवतो. म्हणून रिकाम्या खोलीतला पंखा बंदच असावा.

आपल्याकडे थंडीतही अनेक घरांत पंखा चालू असतो तो डासांसाठी. डासाला वाऱ्याविरुद्ध नीट उडता येत नाही, म्हणून थेट अंगावर येणारा झोत कामाचा. पंखा उलटा केला की नेमका तोच जातो. डेंग्यूची साथ असताना हा तोटा लहान नाही.

आता वायरी. फेज (वीज आणणारी वायर) आणि न्यूट्रल (ती परत नेणारी वायर) बदलून पंख्याची दिशा बदलत नाही. ती कपॅसिटर (पंख्याला फिरायला लावणारा डबीसारखा छोटा भाग) मोटरच्या वाइंडिंगला, म्हणजे आतल्या तारेच्या गुंडाळीला, कसा जोडलाय यावर ठरते. पण या अदलाबदलीत बोर्डात येणारे फेज आणि न्यूट्रल उलटे जोडले गेले, तर बटण न्यूट्रलवर जातं. मग बटण बंद केलं, पंखा थांबला, तरी वर फेज तसाच राहतो, आणि पुसायला स्टुलावर चढलेल्या माणसाला शॉक बसू शकतो. कपॅसिटरची जोडणी बदलून पंखा उलटा फिरवला तरी पाती एकाच दिशेसाठी वळवलेली असतात, हवा कमीच लागते. काही बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरच्या) पंख्यांच्या रिमोटवर उलट फिरवायचं बटण असतं, ते खुशाल वापरून बघा. पण घरात कुणी आधीच बोर्डातल्या वायरी बदलल्या असतील, तर पंखा पुसायच्या आधी मेन स्विच बंद ठेवा आणि वायरमनला बोलावून फेज बटणातूनच जातोय ना, हे तपासून घ्या.