मोटर, मणी आणि एक चवळी

शाळेच्या पीटीएमला (पालकसभेला) मिस म्हणाल्या, तुमच्या मुलाच्या फाइन मोटर स्किल्सवर, म्हणजे बोटांच्या नाजूक हालचालींवर, जरा काम करा, पेन्सिल अजून मुठीत धरतो. घरी येऊन सांगितलं तर सासूबाई म्हणतात, "मोटर? परवाच तर सोसायटीने दुरुस्त करून आणली ना?" ठाण्यात घोडबंदर रोडला राहणाऱ्याला मोटर म्हटलं की पाण्याचीच आठवणार, त्यांचा काय दोष.

मग रात्री एक वाजेपर्यंत व्हिडिओ बघितले आणि शनिवारी जांभळी नाक्याच्या गर्दीत घुसून मोठे लाकडी मणी, बुटाची लेस, कपड्यांचे चिमटे, ड्रॉपर, बोथट कात्री असं सगळं घेऊन आले.

मणी ओवायला बसलो. चिरंजीवांनी दोन ओवले आणि "आता तू" म्हणाले, उरलेले छत्तीस मी ओवले. चिमटे वाटीच्या कडेला लावायचे होते, त्याने एक थेट पेपर वाचणाऱ्या आजोबांच्या कानाला लावला (बोटांत ताकद आहे हे तेव्हाच कळलं). कणकेचे साप केले, ते सोफ्याच्या शिवणीत वाळले आणि ते टूथपिकने मी कोरून काढले. म्हणजे स्किल नक्की कोणाचं सुधारत होतं?

पण खरा घोळ झाला तो कडधान्यात. राजमा आणि चवळी एकत्र करून दिली, चिमटीने वेगळी कर म्हटलं. चवळीचे वीस दाणे मी मोजून दिले होते, हल्ली मी सगळं मोजून देते. कुकरची शिट्टी झाली म्हणून आत गेले, येते तर एकोणीस. एक कुठाय रे? हा नुसता हसतोय. मोबाइलचा टॉर्च लावून नाकात बघितलं, कानात बघितलं, सासूबाई म्हणाल्या शिंकव त्याला, नवरा म्हणाला सोफ्याखाली असेल, शेवटी रिक्षा करून डॉक्टरीणबाईंकडे. त्यांनी आत लाइट टाकून बघितलं आणि म्हणाल्या, "शेंबूड आहे फक्त."

वर मलाच बसवून समजावलं. मनगटात 8 छोटी हाडं असतात, जन्मताना ती सगळी नुसती कूर्चा असते, एकेक करत पक्की होतात, शेवटचं व्हायला दहाएक वर्षं जातात. हा आत्ता चार वर्षांचा, घाई कशाला? मटार सोलायला द्या, जुने कागद फाडू द्या, शर्टाची बटणं त्याची त्याला लावू द्या. फी घेतली आणि मटार लिहून दिले!

मटार त्याने सोलले, म्हणजे सोलले आणि खाल्ले, उसळीचा बेत रद्द. बटणांचं तर विचारूच नका, खाली व्हॅनवाले काका हॉर्न वाजवतायत आणि हा जीभ बाहेर काढून एका बटणाशी चार मिनिटं झुंजतोय, आणि मी हात पाठीमागे बांधून उभी, कारण मदत करायची नाही.

आठवड्याने सासूबाई तुळशीला पाणी घालता घालता ओरडल्या, "अगं, हे काय उगवलंय?" कुंडीत दोन पानांचा टवटवीत कोंब. चवळी!

"मी लावली," चिरंजीव म्हणाले आणि तर्जनी वर करून दाखवली, "या बोटाने." बरोब्बर एक पेर खोल, माळ्यानेसुद्धा इतकी नीट लावली नसती.

मी म्हटलं, बरं, राजमा तरी सगळा आहे ना? तो मी मोजलाच नव्हता.

"तो बाबांच्या बुटात लावलाय."