गाठ कुठे आहे तेही बघा

फायब्रॉइड, म्हणजे गर्भाशयाला होणारी कर्करोग नसलेली गाठ, म्हटलं की गर्भाशय काढणं हाच उपाय, असा त्यावरच्या तुमच्या लेखाचा सूर आहे. तो पटला नाही. आमची वहिनी देवगडची. पाळीत अंगावरून इतकं रक्त जायचं की हंगामात आंब्याच्या पेट्या भरताना चक्कर यायची. हिमोग्लोबिन ७ वर आलेलं. आईचं एकच, "उष्णता झालीय, कोकम सरबत घे." सोनोग्राफीत गाठ लहानच निघाली, पण गर्भाशयाच्या आतल्या पोकळीत, म्हणून एवढा रक्तस्राव. आधी शिरेतून लोह दिलं, मग कोल्हापूरला योनिमार्गे दुर्बिणीतून गाठ काढली. पोटावर एक टाका नाही, गर्भाशय शाबूत. त्रास नसेल तर काहींना नुसती देखरेखही पुरते, पाळी गेल्यावर गाठी सहसा आक्रसतात. पुन्हा होऊ शकतात म्हणून सोनोग्राफीला बोलावलंय, पण हंगाम संपेपर्यंत बाई जागची हलेल तर शपथ!