'सातारकर' यांच्या १० सेकंदांना उत्तर

ऑटोकॅड या नकाशे काढायच्या प्रोग्राममधून काढलेली ड्रॉइंगची पीडीएफ जड का होते आणि प्लॉट (म्हणजे छपाई) देण्याआधीच काय काय बघून घ्यावं, या माझ्या लेखाखाली 'सातारकर' या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. सगळे जण एवढं खाली जाऊन वाचत नाहीत, म्हणून ती जशीच्या तशी इथे देतो:

"काका, एवढं रामायण कशासाठी? ऑनलाइन कॉम्प्रेसरवर फाइल टाकायची, १० सेकंदांत ४० एमबीची ४ एमबी होते. जुन्या लोकांना सोपं काही पटतच नाही. तुम्ही सांगितलं म्हणून ओव्हरकिल मारली तर माझी हॅच सुटली, त्यावर एक शब्द नाही. रेव्हिटबद्दलही काही नाही. स्क्रीनशॉट तर दिसतच नाहीत."

आणि खाली एका वेबसाइटची लिंक.

आधी मान्य करण्यासारखं जे आहे ते मान्य करतो. स्क्रीनशॉट मोबाइलवर पुसट दिसतात, हे आणखी एका वाचकानेही कळवलं होतं. बदलतो. त्याबद्दल आभार.

बाकीची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा जास्त आला. इथे सांगलीत विश्रामबागपासून गावभागापर्यंत निम्मी पोरं मला काका म्हणतात आणि त्याचं मला काही वाटत नाही, पण ती समोर बसून, माझ्याच ऑफिसचा चहा पिऊन म्हणतात. नाव न सांगता, रामायण आणि जुने लोक यांच्या जोडीला जो काका येतो त्यात मान किती असतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. टीका करा, हरकत नाही. या ब्लॉगवर लोकांनी माझ्या जिन्याच्या पायऱ्यांचा हिशेब काढून दाखवला आहे, मी त्यांच्याशी कधी वाकडं बोललेलो नाही. त्यांनी आधी लेख वाचला होता, एवढाच फरक.

तुमच्या प्रतिक्रियेत मुद्द्याचं वाक्य एकच आहे, १० सेकंदांचं. त्यावरच बोलू.

पीडीएफच्या पोटात ढोबळमानाने दोन प्रकारचा माल असतो. एक म्हणजे रेषा. अमुक बिंदूपासून तमुक बिंदूपर्यंत, इतक्या जाडीची, या रंगाची. ती नुसती माहिती असते, त्यामुळे कितीही झूम करा, कड धारदारच राहते. दुसरा माल चित्रांचा. स्कॅन केलेला उतारा, गूगल अर्थवरून उचललेली जागा, थ्रीडी व्ह्यू, फर्मचा लोगो. कॉम्प्रेसरचा हात चालतो तो मुख्यतः या दुसऱ्या मालावर. चित्राचा डीपीआय, म्हणजे एका इंचात किती ठिपके तो आकडा, उतरवायचा, जेपीईजी आणखी आवळायचा. घोस्टस्क्रिप्ट नावाचा फुकट प्रोग्राम अशा कामाला सर्रास वापरतात. त्यातली 'स्क्रीन' ही सेटिंग चित्रं ७२ डीपीआयवर आणते, 'ईबुक' १५० वर आणि 'प्रिंटर' ३०० वर. रेषा मात्र रेषाच राहतात.

म्हणजे फाइल रेषांनी जड झाली असेल तर अशा कॉम्प्रेसरमधून ती जवळपास गेली तशीच बाहेर येते. तुमची ४० ची ४ झाली ना? मग दोनच शक्यता उरतात. एक तर तुमच्या फाइलचं वजन मुळात चित्रांचं होतं, नाहीतर त्या साइटने अख्खं पानच चित्र करून तुम्हाला परत दिलं. पहिलं असेल तर ते चित्र जोडण्याआधीच छोटं करायला हवं होतं, आणि माझा लेख नेमका त्यावरच आहे. दुसरं असेल तर तुमच्या हातात आता ड्रॉइंग नाही, ड्रॉइंगचा फोटो आहे. यातलं नक्की काय झालं हे तुम्ही बघितलंत का? अॅक्रोबॅट प्रोमध्ये पीडीएफ ऑप्टिमायझर उघडला की 'ऑडिट स्पेस युसेज' असं एक बटण असतं. चित्रांना किती टक्के जागा गेली, फॉन्टला किती, रेषांना किती, ते मांडून दाखवतं. लेखात हे मी अगदी सुरुवातीला सांगितलं आहे. तिथपर्यंत पोचायला १० सेकंदांहून जास्त लागतात, हे खरं.

आता रेषांचं चित्र होणं म्हणजे काय, ते आकड्यांत सांगतो. ए१ शीट ८४१ बाय ५९४ मिलिमीटरची. ६०० डीपीआयला तिचे जवळपास २८ कोटी पिक्सेल होतात. प्रत्येक पिक्सेलला रंगाचे तीन बाइट धरले तर दाबण्याआधीचा कच्चा माल ८०० एमबीच्या वर जातो. १५० डीपीआयला तेच पिक्सेल पावणेदोन कोटींच्या आसपास, म्हणजे सोळावा हिस्सा. फाइल बारीक होते ती यामुळे, त्यात वेबसाइटची जादू काही नाही. पण एवढी बारीक केलेली शीट म्हणजे १५० डीपीआयचं एक चित्र, आणि त्यात ०.१३ मिलिमीटर जाडीची मोजमापाची रेघ एका पिक्सेलएवढीही उरत नाही.

ऑटोकॅडमधून अशी चित्र झालेली शीट बाहेर पडायचं एक ठरलेलं कारण म्हणजे 'प्लॉट ट्रान्स्परन्सी'वरची टिक. हिरवळीला अर्धपारदर्शक हिरवा, टाकीला अर्धपारदर्शक निळा, दिसायला झकास. ती टिक दिली की शीटचा बराचसा भाग, कधी कधी सगळीच शीट, रेषा सोडून चित्र होते. मुळात ती टिक बंद असते ती उगीच नाही. आणि रेषांनी जड झालेल्या फाइलचा दोष बहुधा हॅचमध्ये, म्हणजे जागा भरायच्या नक्षीत, सापडतो. एआर-सँड किंवा एआर-कॉंक या वाळू-काँक्रीटच्या नक्षीचा स्केल चुकला की एका टॉयलेटच्या फरशीत हजारो तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकडा पीडीएफमध्ये वेगळा लिहिला जातो. नाहीतर नेटवरून उतरवलेलं नारळाचं झाड, झावळीचं पान न् पान काढलेलं, कंपाउंडच्या कडेने रांगेत लावलेलं. १:५०० च्या साइट प्लॅनवर ते झाड नखाएवढं छापलं जातं, त्यातलं एक पान दिसत नाही. ते काढून तिथे साधा गोल ठेवायला किती वेळ लागतो? (जाता जाता: पर्ज मारून, म्हणजे ड्रॉइंगमधला न वापरलेला माल काढून, पीडीएफ हलकी होईल अशी बऱ्याच जणांची समजूत आहे. हलकी होते ती डीडब्ल्यूजी, म्हणजे ऑटोकॅडची मूळ फाइल. जे छापलंच जात नाही त्याचं ओझं पीडीएफला कशाला?)

तुमच्या लाडक्या साइटबद्दल अजून दोन गोष्टी. डिजिटल सही झालेली पीडीएफ तिथून फिरवून आणलीत की ती सही गेली, कारण सहीनंतर फाइल बदलली हे ताबडतोब दिसतं. आधी हलकी करायची, मग सही, हा क्रम उलटा करून लोक डोकं धरून बसलेले मी बघितले आहेत. दुसरं म्हणजे पार्टीच्या घराचा नकाशा, तिजोरीच्या खोलीसकट, कुठल्या सर्व्हरवर जातो आणि तिथे किती दिवस राहतो, हे पार्टीला विचारलंत? मी विचारलं असतं.

तुम्हाला हे सगळं म्हाताऱ्याचं भय वाटत असेल, तर एक घडलेली गोष्ट ऐका. २०१९ चा ऑगस्ट तुम्ही साताऱ्यात टीव्हीवर बघितला असेल. इथे आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, धोक्याची पातळी ४५ ची. गावभागातलं माझं ऑफिस पाण्याखाली होतं. ट्रेसिंगच्या गुंडाळ्यांचा लगदा झाला, कॉम्प्युटर गेले, बॅकअपच्या डिस्कही गेल्या. उरल्या त्या पार्ट्यांना आणि कंत्राटदारांना वेळोवेळी मेल केलेल्या पीडीएफ. पाणी ओसरल्यावर त्या सगळ्यांकडून परत मागवल्या. ऑटोकॅडमध्ये २०१७ च्या आवृत्तीपासून 'पीडीएफ इम्पोर्ट' आहे. ज्या पीडीएफमध्ये रेषा शाबूत होत्या त्या पुन्हा ड्रॉइंग म्हणून उघडल्या. ट्रूटाइप फॉन्टमधली अक्षरं अक्षरं म्हणून आली, ऑटोकॅडच्या एसएचएक्स फॉन्टमधली नुसत्या रेघोट्या म्हणून आली, पण आली. आणि ज्या फाइली मधल्या कोणीतरी पाठवायच्या घाईत बारीक करून ठेवल्या होत्या, त्यांतून एक चित्र आलं. बस. ते खाली अंथरून सगळं घर पुन्हा गिरवायचं. भिंती पडलेला माणूस समोर उभा, त्याला दुरुस्ती सुरू करायची आहे, आणि स्क्रीनवर आकड्याच्या भोवती करडे डाग. २३० की २८०? जेपीईजी जास्त आवळला की ३ आणि ८ मध्ये फरक उरत नाही. शेवटी टेप घेऊन चिखलात उतरून मोजलं. त्या फाइली ज्यांनी बारीक केल्या त्यांचे १० सेकंद वाचले असणार, त्याबद्दल वाद नाही.

जुन्या लोकांना सोपं पटत नाही, म्हणे. मी ट्रेसिंगवर रोट्रिंग पेनने शिकलो. शाई पसरली की ब्लेडने खरडायची आणि कागद फाटला की पहिल्यापासून. अमोनिया प्रिंटच्या खोलीतून बाहेर आलं की डोळ्यांना धार. ऑटोकॅड आल्यावर ड्रॉइंग बोर्ड माळ्यावर टाकणाऱ्यांत मी पहिल्या काही जणांत होतो, आणि तेव्हा यंत्राच्या नादी लागला म्हणून मला नावं ठेवणारे लोक वयाने आजच्या माझ्याएवढेच होते. तेव्हा सोपं नको असलेला माणूस म्हणून माझी ओळख करून देऊ नका. मला सोपं हवंच असतं, फक्त ते फाइल उघडणाऱ्यालाही सोपं असावं असं वाटतं. प्लॉटरवाल्याला, साइटवर मोबाइलवर ड्रॉइंग बघणाऱ्या सेंट्रिंगवाल्याला, पाडायचं बांधकाम पिवळ्यात आणि नवीन लाल रंगात शोधणाऱ्या महापालिकेतल्या माणसाला. ग्रेस्केल करून, म्हणजे रंग काढून, पाठवलेल्या शीटवर त्याने काय शोधायचं?

ओव्हरकिलचं म्हणाल तर एकावर एक पडलेल्या जादा रेषा काढणारी ती कमांड दिल्यावर समोर एक चौकट उघडते आणि त्यात पर्याय लिहिलेले असतात. ते न वाचता ओके दाबायचं आणि हॅच सुटली की लेखकाला धरायचं, याला मी काय करू? माझी हॅच कधी सुटलेली नाही.

रेव्हिट. तो वेगळा प्रोग्राम, आणि लेखाच्या नावात ऑटोकॅड आहे. तरी विचारलंच आहे म्हणून सांगतो, व्ह्यूमध्ये सावल्या चालू असल्या की रेव्हिट तो व्ह्यू चित्र म्हणूनच छापतं, मग तुम्ही व्हेक्टर (म्हणजे रेषा) निवडलं असलं तरी. सावल्या बंद करून बघा. यापुढचं रेव्हिटवाल्यांनी लिहावं, साताऱ्यातही असतील की.

तुमची ती ४० एमबीची मूळ फाइल पाठवायची तयारी असेल तर मेल करा, २५ एमबीच्या वरची जीमेलला जोडता येत नाही, तेव्हा ड्राइव्हवरून. पार्टीचं नाव काढून टाका. वजन कुठे आहे ते बघून सांगेन, पैसे घेणार नाही. बारीक केलेली पाठवू नका, तिचा मला काही उपयोग नाही.

प्रतिक्रिया काढलेली नाही, शब्दन् शब्द तशीच ठेवली आहे. लिंक तेवढी काढली.