औषध थांबवल्याने टीबीचा प्रतिकार ओसरत नाही

औषधाला दाद न देणारा जिवाणू दुबळा असतो, औषध बंद केलं की तो आपोआप मागे पडतो, असं बरेच जण सांगतात. टीबीच्या बाबतीत यावर विसंबणं मला धोक्याचं वाटतं.

रिफाम्पिसिन हे टीबीचं एक मुख्य औषध. ते जिवाणूच्या आरएनए पॉलिमरेझला, म्हणजे जनुकं वाचणाऱ्या प्रथिनाला, चिकटतं. या प्रथिनाचा एक भाग बनवणाऱ्या आरपीओबी जनुकात एक अक्षर बदलून प्रथिनातल्या ४५०व्या जागी सेरीन या अमिनो आम्लाऐवजी ल्युसीन आलं की औषधाची पकड सुटते. पण जिवाणूची सगळी जनुकं याच पॉलिमरेझकडून वाचली जातात, त्यामुळे वाढही मंदावते. प्रतिकाराची किंमत म्हणतात ती हीच.

ती मोजायला प्रतिकारक जिवाणू आणि त्याचा मूळ वाण समप्रमाणात मिसळून औषधाविना वाढवतात. सुरुवातीला आणि शेवटी साध्या प्लेटवर व फक्त प्रतिकारक जिवाणू वाढतात अशा रिफाम्पिसिनच्या प्लेटवर वसाहती (जिवाणू वाढून दिसणारे ठिपके) मोजून दोघांच्या किती पिढ्या झाल्या याचं गुणोत्तर काढतात. ते १पेक्षा कमी आलं तर किंमत आहे. घोळ होतो तो गुठळ्यांमुळे. टीबीचे जिवाणू एकमेकांना चिकटतात आणि अख्ख्या गुठळीची एकच वसाहत दिसते. म्हणून ट्वीन ८० हे साबणासारखं द्रव्य घालून, काचेच्या मण्यांनी हलवून त्या फोडाव्या लागतात. तुलनेला मूळ वाणाऐवजी दुसराच वाण घेतला, तर फरक प्रतिकाराचा की वाणाचा हे कळतच नाही.

२००६ साली ‘सायन्स’मध्ये आलेल्या अभ्यासात प्रयोगशाळेत तयार केलेले सगळे रिफाम्पिसिन-प्रतिकारक वाण मागे पडले. रुग्णांकडून मिळालेल्या, हाच ४५०चा बदल असलेल्या काही वाणांना मात्र काहीच तोटा नव्हता. पुढे २०१२मध्ये पॉलिमरेझचेच इतर भाग बनवणाऱ्या आरपीओए आणि आरपीओसी जनुकांतले भरपाई करणारे, म्हणजे प्रतिकार न सोडता ही किंमत भरून काढणारे, बदल समोर आले. प्रतिकार सोडायचा तर तेच एक अक्षर पूर्ववत व्हावं लागतं, भरपाई मात्र अनेक जागी होऊ शकते. म्हणून जिवाणू बहुधा भरपाईच्या वाटेने जातो. अर्धवट उपचारात त्याला त्यासाठी महिनोन्‌महिने मिळतात!

आयसोनियाझिड या टीबीच्या दुसऱ्या मुख्य औषधाचं तर आणखी अवघड. ते जिवाणूच्या कॅटालेज या एन्झाइममुळे सक्रिय होतं. ते एन्झाइम बनवणाऱ्या कॅटजी जनुकातल्या ३१५व्या जागच्या नेहमीच्या बदलात औषध सक्रिय होणं घटतं, पण जिवाणूला लागणारं कॅटालेजचं काम बरंचसं टिकतं. किंमत जवळपास नाहीच.

टीबी शोधणाऱ्या झटपट जनुकीय चाचण्यांपैकी सीबीनॅटचं नेहमीचं कार्ट्रिज आणि ट्रूनॅटची नेहमीची चाचणी औषधांपैकी फक्त रिफाम्पिसिनचा प्रतिकार दाखवतात. ‘रिफाम्पिसिन सेन्सिटिव्ह’ असा रिपोर्ट आला तरी आयसोनियाझिडसाठी एलपीए (लाइन प्रोब असे, प्रतिकाराचे जनुकीय बदल शोधणारी चाचणी) झाली का, हे डॉक्टरांना विचाराच. थुंकीत जिवाणू कमी असतील तर या चाचणीआधी कल्चर वाढवावं (प्रयोगशाळेत जिवाणू वाढवावे) लागतं आणि त्यात काही आठवडे जातात, म्हणून नमुना गोळ्या सुरू होण्याआधीच द्या.