प्रतिक्रियेला उत्तर: गिम्हेचे किम आणि विकतच्या वंशावळी

'किम आडनावाची कुळं' या माझ्या कोरियन कुळांवरच्या लेखावर एका वाचकांनी लिहिलंय, "सगळे किम एका वंशाचे नाहीत. अयोध्येची राजकन्या ही दंतकथा. निम्म्या कोरियाने वंशावळी विकत घेतल्या आणि तुम्ही सासरच्या कौतुकापोटी त्या खऱ्या मानता."

उत्तर देणार नव्हते. पण 'सासरच्या कौतुकापोटी' हे फारच लागलं. माझं सासर गिम्हेच्या किमांचं, म्हणून हा टोमणा. लेख पटला नाही तर तसं म्हणा, लिहिणारीच्या घरात शिरायचं काय कारण? हेच एखाद्या पुरुषाने लिहिलं असतं तर त्याची सासुरवाडी कुणी काढली असती का?

अयोध्येहून येऊन सुरो राजाची राणी झाली म्हणतात त्या राजकन्येबद्दल एवढं मान्य, की तिची गोष्ट सांगणारा 'सामगुक युसा' हा ग्रंथ तेराव्या शतकातला आणि त्यातलं तिचं आगमन इ. स. ४८ चं. बाराशे वर्षांनी लिहिलेल्या गोष्टीला मी इतिहास म्हटलेलं नाही. आणि किम अनेक आहेत हे मीच लिहिलंय. मूळगाव गिम्हे असलेले किम सुरो राजाचे वंशज, ग्योंगजूचे किम अल्जी या मूळपुरुषाचे. लेख पूर्ण वाचलात ना?

आता विकतच्या वंशावळी. घेतल्या, खरंय. पण का घेतल्या? जोसॉन राजघराण्याच्या काळात सामान्य घरांना लष्करी कर म्हणून कापड भरावं लागे, यांगबान म्हणजे वरच्या वर्गाला ते माफ होतं. जोकबोत, म्हणजे कुळाच्या वंशावळीत, नाव घुसवलं की ते ओझं टळायची सोय होई. पुढे १९०९ च्या नोंदणी कायद्याने बिनआडनावाच्या लोकांनाही आडनाव घ्यावं लागलं. करापायी पिचलेल्या त्या माणसांना तुम्ही एका वाक्यात लबाड ठरवून मोकळे झालात.

आणि एकदा घेतलेलं कूळ माणसाला सोडत नाही. हॉ घराणं सुरो राजाच्या त्याच राणीचं, अयोध्येच्या राजकन्येचं. तिच्या दोन मुलांनी आईचं आडनाव घेतलं अशी परंपरा. म्हणून गिम्हेचे किम आणि हॉ यांच्यात सोयरीक करत नाहीत. कायदा फक्त आडनाव आणि मूळगाव दोन्ही एक असलेल्यांना अडवायचा, तोही १९९७ साली घटना न्यायालयाने घटनेशी विसंगत ठरवला. माझ्या धाकट्या चुलत सासऱ्यांचं एका हॉ मुलीवर मन होतं. कायदा आड येत नव्हता, घरचे आले. आपली वंशावळ अस्सल की विकतची, हे तेव्हा कुणी तपासत बसलं नाही. ठरत आलेलं लग्न मोडलं. काका आजही सणाला आमच्या पंगतीला असतात. त्यांच्यासमोर तुमचं वाक्य वाचून दाखवायला माझी जीभ रेटणार नाही. तुमची रेटेल?

राहिलं कौतुक. सासऱ्यांकडच्या जुन्या जोकबोत मी आत्तेसासूबाईंचं नाव शोधलं. त्या जागी त्यांच्या यजमानांचं नाव होतं, मुलीचं नावच नाही! आंदोंगच्या क्वॉन कुळाच्या १४७६ च्या वंशावळीत मुलींची मुलंबाळंसुद्धा नोंदलेली आहेत. ती रीत पुढे मोडली याचा मला संताप येतो, आणि तो त्याच लेखाच्या शेवटी लिहिलेला आहे. कौतुक असं करतात?

वंशावळींच्या खरेदी-विक्रीवर वेगळा लेख लिहायला घेतला आहे. त्याखाली आधार देऊन लिहा, मग बोलू.